सर्दीची वही

रम्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की त्या माणसांना सर्दी झालेली नसायची.

सर्दी झालेलं माणूस औषधाच्या दुकानात कसं येतं, हे दोन वर्षांत तिला पाठ झालं होतं. ते आधी नाक ओढतं. मग 'काहीतरी द्या हो, झोप नाही रात्रभर' म्हणतं. गोळीचं नाव त्याला आठवत नाही, पाकिटाचा रंग आठवतो. गुंगी येईल का, गाडी चालवली तर चालेल का, जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे तीनतीनदा विचारतं. नमुना तर घरातच होता. तिची आई, वीणाबाई, डिसेंबर ते फेब्रुवारी रोज सकाळी उठल्याबरोबर ओळीने शिंका द्यायची, आणि रम्याने शाळेत असताना त्या महिनाभर मोजून लिहून ठेवल्या होत्या. नऊपेक्षा कमी कधी नाहीत, चौदापेक्षा जास्त कधी नाहीत.

ही माणसं काहीच विचारत नसत. गोळीचं नाव बरोबर सांगत. 'दोन स्ट्रिप' म्हणत. पेशंटचं नाव विचारलं की आडनावासकट सांगत, पाठोपाठ फोन नंबरही, एका दमात. आणि येत मंगळवारी आणि शुक्रवारी.

बेंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये एका क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, दयानंदांचं हे दुकान होतं. दुकान त्यांचं, पण भिंतीवर काचेच्या चौकटीत फोटोसकट लटकत होतं ते रम्याचं फार्मासिस्टचं प्रमाणपत्र. औषधांची जबाबदारी कागदोपत्री तिच्यावर. दयानंद तिला गमतीने म्हणायचे, "एनम्मा रम्या, तू भिंतीवरून उतरलीस तर माझं दुकान बंद."

अडीच महिन्यांपूर्वी औषध खात्याचे इन्स्पेक्टर भीमाचार्य येऊन गेले होते. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचे, कपाळावर बारीक गंध, आवाज एकदम खालचा. त्यांनी सर्दीच्या एका जातीच्या गोळीची खरेदी-बिलं काढायला लावली. त्या गोळीत स्यूडोएफेड्रिन होतं. चोंदलेलं नाक मोकळं करणारं साधं औषध. पण मोठ्या प्रमाणावर गोळा केलं तर त्यापासून भयंकर नशेचा पदार्थ तयार होतो, हे रम्याने कॉलेजात शिकलेलं होतं. परीक्षेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्न होता.

"तुमच्या दुकानात सप्टेंबरपासून ही गोळी तिप्पट जाते," भीमाचार्य म्हणाले होते. "ह्या भागातल्या लोकांची नाकं तिप्पट झाली काय?"

दयानंद कसंनुसं हसले. भीमाचार्य हसले नाहीत. "लक्ष ठेवा. मी जानेवारीत परत येतो."

त्याच संध्याकाळी रम्याने नियम बसवला. एका माणसाला दोनच स्ट्रिप. पेशंटचं नाव आणि फोन वहीत. प्रत्येक ओळीपुढे फार्मासिस्टची सही. दयानंदांनी वहीवर स्केचपेनने कन्नडमध्ये 'सर्दी' असं लिहिलं आणि ती काउंटरखाली दोरीने बांधून ठेवली.

नियमाचा तिला थोडा अभिमानच वाटला होता. रात्री जेवताना तिने तो अण्णाला सांगितला. अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ अभिमन्यू. वडील गेले तेव्हा ती नववीत होती. तेव्हापासून शाळेच्या पालकसभेला तोच जायचा, फार्मसीचा फॉर्म त्यानेच आणला होता. यशवंतपूरला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत तो कामाला होता.

"ओळखपत्र-बिळखपत्र बघता काय?" त्याने भात कालवत विचारलं होतं.

"नाही अण्णा. सर्दीच्या गोळीला कोण ओळखपत्र देईल? लोक भांडतील. नाव-नंबर सांगितला की झालं."

"सरी," अण्णा म्हणाला होता. "चांगलं केलंस."

*

जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी साडेअकराला एक बाई आली. चाळिशीची, इस्त्रीचा चुडीदार, केस घट्ट बांधलेले, खांद्यावर कापडी पिशवी. नाक कोरडं ठणठणीत. तिने गोळीचं नाव सांगितलं, दोन स्ट्रिप म्हणाली.

"पेशंटचं नाव?"

"वीणा जगताप."

रम्याचं पेन कागदावरच थांबलं. बाईने नंबर सांगायला सुरुवात केली. पहिले सहा आकडे झाल्यावर उरलेले चार रम्या स्वतःच म्हणू शकली असती. तो तिच्या आईचा नंबर होता.

"तुम्ही त्यांच्या कोण?" तिने विचारलं.

"शेजारी," बाई म्हणाली. "त्यांना फार शिंका येतात."

हे खोटं होतं. त्यांच्या शेजारी कोण राहतं ते रम्याला माहीत होतं. पण शिंकांचं खरं होतं. तिने नाव लिहिलं, सही केली, दोन स्ट्रिप दिल्या. बाईने त्या पिशवीत टाकल्या आणि सावकाश, मागे न बघता निघून गेली.

दुपारी गिऱ्हाईक कमी झाल्यावर रम्याने वही पहिल्या पानापासून उघडली. खरे पेशंट कोण, हे ओळखणं अवघड नव्हतं. नेहमीची माणसं, नाहीतर हातात डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आलेली. त्यांच्यापुढे तिने पेन्सिलीने बारीक ठिपका दिला. मग बिनठिपक्यांची नावं वेगळ्या कागदावर उतरवली.

आंग्रे. इंगळे. कदम, कदम, काटे. खराडे. गायकवाड चार. सूर्यकांत घाटगे, गिरीराज घाटगे. चव्हाण सात. मध्ये आणखी कितीतरी, आणि आज जगताप.

एकशे सात नावं. सगळी बेंगळूरच्या जुन्या मराठी घरांमधली आणि सगळी वर्णाक्षरांच्या क्रमाने. सर्दी कधी आडनावाच्या क्रमाने होत नाही.

तिने गिरीराज घाटग्यांचा नंबर लावला. म्हाताऱ्याने फोन उचलला. तिने दुकानाचं नाव सांगितलं, सर्दीचं औषध लागू पडलं का म्हणून विचारलं.

"मला कुठली सर्दी, अम्मा? गुडघे सांगा हवं तर." मग थोडं थांबून म्हणाले, "हा नंबर तुम्हाला कुणी दिला? हा नवा आहे. नातवाने दिवाळीत घेऊन दिला. आपल्या समाजाच्या पुस्तकासाठी तो जगतापांचा मुलगा आला होता ना, अभिमन्यू, त्याला तेवढा लिहून दिला. बाकी कुणाकडे नाही."

रम्याने फोन ठेवला आणि वही मिटली.

*

समाजाचं पुस्तक म्हणजे परिचय-पुस्तिका. शहाजीराजांच्या वेळेपासून इथे राहिलेली मराठी घरं शहरभर पांगली होती, लग्न जमवायला कुणाला कुणाचा पत्ता माहीत नसायचा. म्हणून मंडळाने घरोघरचे नाव-पत्ते-फोन गोळा करायचं ठरवलं, आणि ते काम अण्णाने अंगावर घेतलं. वर्षभर दर रविवारी तो स्कूटरवरून फिरला. लोकांनी त्याला कॉफी पाजली, पोहे खाऊ घातले, आणि काही न विचारता घरातल्या प्रत्येकाचं नाव सांगितलं. आपलाच मुलगा. यादी त्याने लॅपटॉपवर कन्नड लिपीत केली होती, कारण नव्या पिढीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.

यादी कुणीतरी चोरली असेल, असं रम्याने स्वतःला सांगितलं. छापखान्यातून, नाहीतर मंडळाच्या एखाद्या माणसाकडून. संध्याकाळी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णा, पुस्तक कुठवर आलं?"

"छापखान्यात देऊन आठ दिवस झाले. का गं, तुझ्यासाठी मुलगा बघायचाय?"

"फाइल अजून कुणाकुणाकडे आहे?"

"छापखाना. अध्यक्ष. चार-पाच जण." त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. "शास्त्रज्ञबाई आज फार चौकशा करतायत."

म्हणजे पाच ठिकाणं. दोष कुठल्या ठिकाणी आहे हे बघायचं तर एका ठिकाणी एक गोष्ट बदलायची आणि बाकीची तशीच ठेवायची. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात ते हेच. बुधवारी सकाळी अण्णा आंघोळीला गेला तेव्हा तिने त्याचा लॅपटॉप उघडला. पासवर्ड आईची जन्मतारीख होती, पूर्वीपासून. तिने जगतापांच्या खाली एक नवी ओळ घातली. सोयराबाई जगदाळे, वय ब्याऐंशी. फोनच्या रकान्यात स्वतःच्या जुन्या सिमचा नंबर टाकला. ते सिम एका जुनाट फोनमध्ये कपाटात पडून होतं.

अशी बाई जगात नव्हती. छापखान्याच्या फाइलमध्ये नव्हती, अध्यक्षांच्या नव्हती. फक्त ह्या एका लॅपटॉपवर होती.

आतल्या खोलीत आई शिंकत होती. रम्याने सवयीने मोजल्या. अकरा. तिने लॅपटॉप मिटला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आपला प्रयोग फसावा असं वाटलं.

*

शुक्रवारी दिवसभर ती काउंटरवरून हलली नाही. दयानंद म्हणाले, "जेवून ये." ती म्हणाली, "भूक नाही." सकाळी एकजण येऊन गेला, नाव जगतापच, दुसऱ्या घरातलं. दुपारी आणखी एकजण, तेही नाव जगताप. चार वाजले, पाच वाजले. समोर फुलवाल्याने शेवंतीवर पाणी मारलं. रम्याला थोडं बरं वाटायला लागलं होतं.

पाच चाळीसला गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवलेला एक तरुण आला. हातातल्या फोनवर काहीतरी बघत होता. गोळीचं नाव, दोन स्ट्रिप.

"पेशंटचं नाव?"

त्याने फोनच्या पडद्यावरून वाचलं. "सोयराबाई जगदाळे. आजी आहे माझी."

"वय?" हे ती कुणालाच विचारत नसे.

"ब्याऐंशी."

तिने लिहिलं. अक्षर तिचं नेहमीसारखंच आलं, एवढंच तिला नंतर आठवलं. सही करताना तिची नजर वर भिंतीवरच्या चौकटीकडे गेली. फोटोत ती बावीस वर्षांची होती, आणि अण्णाने फोटोआधी हाताने तिचे केस सारखे केले होते.

सोमवारी भीमाचार्य यायचे होते.

*

शनिवारी तिने तो जुना फोन चार्ज करून पर्समध्ये टाकला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. दुपारी तीन वाजता तो वाजला.

तिने कानाला लावला, बोलली नाही. पलीकडून पुरुषाचा आवाज, कन्नडमध्ये, अगदी अदबीने: "सोयराबाई अव्वा आहेत का?"

  त्याच्या मागे कुठेतरी ट्रक मागे घेतानाची पिपाणी वाजत होती. मग त्याने काही न बोलता फोन ठेवला.

रविवारी सकाळी अण्णा कॉफी करत होता. तिला कप दिला, स्वतः ओट्याला टेकून उभा राहिला. आई देवपूजेत होती. घंटेचा आवाज येत होता.

"पुस्तकात एक आजी जास्त झाली," तो म्हणाला.

रम्याने कप खाली ठेवला.

"तू वय विचारलंस म्हणून त्यांनी काल मला विचारलं, तेव्हा तू घातलीस हे मला लगेच कळलं. वयाचा रकाना मी कुणाचाच भरला नव्हता. तू मात्र भरलास. तुझं कुठलंही काम असं अर्धवट नसतं." तो थोडा हसला, आणि ते हसू नेहमीचंच होतं. म्हणून तिला त्याची भीती वाटली.

"अण्णा, त्या गोळ्यांचं काय करतात माहीत आहे तुला?"

"मला गोळ्यांचं काय करायचंय. मी नावं देतो. आधी म्हणाले होते, एकदाच द्यायची."

"कोण?"

"तू ओळखत नाहीस." त्याने कॉफीचा घोट घेतला. "ते तुला ओळखतात. दुकानातून आठ दहाला निघतेस, फुलवाल्यापाशी थांबतेस, मेट्रोच्या जिन्याने जातेस, सरकत्या नाही. मी नाही सांगितलं हे. त्यांनी मला सांगितलं."

"आईचं नावसुद्धा दिलंस."

"यादीत होतं. यादी क्रमाने जाते." हे बोलताना मात्र त्याने खिडकीबाहेर बघितलं. "दुकान तुझं आहे म्हणून तिथे जाऊ नका, असं मी म्हणालो होतो. ते म्हणाले, बहिणीचं आहे म्हणूनच तिथे. सगळ्यात सोपं तेच. नाव सांगितलं की झालं."

तिचंच वाक्य होतं ते. भाताच्या ताटावरचं.

"मी सोमवारी भीमाचार्यांना सगळं सांगणार."

"काय सांगशील?" त्याने शांतपणे विचारलं. "नावं कुणाच्या जातीतली, तुझ्या. यादी कुठल्या घरातली, तुझ्या. लॅपटॉपवर खोटी ओळ कुणी घातली, तू. आणि एकशे कितीतरी ओळींपुढे सही कुणाची आहे? माझी एकही नाही, रम्या. भिंतीवर फोटो कुणाचा आहे?"

पूजेची घंटा थांबली होती.

"वही भिजली म्हण," तो खालच्या आवाजात म्हणाला. "दयानंदांच्या दुकानात वरच्या टाकीचं पाणी गळतं, सगळ्यांना माहीत आहे. एक वही गेली. ते ओरडतील, समज देतील, संपलं. तुझंही राहील, माझंही राहील. एवढंच कर. मी तुझ्यासाठी काय नाही केलं?"

आई पदराने हात पुसत आली आणि दोघांकडे बघितलं. "काय झालं गं? चेहरा का असा?"

"काही नाही, आई," अण्णा म्हणाला. "तिला स्वल्प सर्दी झालीय."

*

सोमवारी ती दहा मिनिटं लवकर पोचली. मागच्या भिंतीवर टाकीखाली ओल होती, थेंबामागून थेंब पडत होता. खाली दयानंदांनी प्लास्टिकची बादली ठेवली होती. बादली अर्ध्याहून जास्त भरलेली होती. रम्याने काउंटरखालची दोरी सोडली आणि वही घेऊन बादलीपाशी जाऊन उभी राहिली.

अण्णाचं बरोबर होतं. प्रत्येक ओळीपुढे तिची सही होती. वही दिली तर भिंतीवरची चौकट उतरेल; कदाचित तेवढ्यावर भागणारही नाही. नाही दिली तर उद्या मंगळवार. जाधव सुरू होतील. जाधव खूप आहेत. मग झ, ट, ड, असं करत यादी शेवटच्या घरापर्यंत जाईल, आणि ज्यांनी पोहे खाऊ घातले त्या एकेका घराच्या नावावर दोन-दोन स्ट्रिप जमा होतील. एखाद्या दिवशी गुडघे धरून बसलेल्या गिरीराज घाटग्यांच्या दाराशी पोलीस उभे राहतील, आणि म्हाताऱ्याला कशाचं काही उमगणार नाही.

एक थेंब वहीच्या पुठ्ठ्यावर पडला. तिने तो दुपट्ट्याने टिपला.

भीमाचार्य अकराला आले. दयानंदांनी त्यांना आत खुर्ची दिली, कॉफी मागवली. ते साध्या शर्टात होते, बाहेरून बघणाऱ्याला कुणी नातेवाईक वाटले असते. खरेदीची बिलं बघत बसले. वही रम्याच्या हाताखाली काउंटरवर होती.

"ती वही द्या नंतर," ते मान वर न करता म्हणाले.

तेवढ्यात ती बाई आली. तोच इस्त्रीचा चुडीदार, तीच कापडी पिशवी. आज मंगळवार नव्हता, शुक्रवार नव्हता. तिने गोळीचं नावही घेतलं नाही. नुसती काउंटरवर हात ठेवून उभी राहिली.

"पेशंटचं नाव?" रम्याने विचारलं, कारण दुसरं काही सुचलं नाही.

"रम्या जगताप," बाई म्हणाली.

दयानंद हातातला कॉफीचा ग्लास घेऊन वळले. रम्याने पेन उघडलं. जगदाळ्यांच्या आजीच्या खाली तिने स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण. पुढे सही केली.

"आज गोळी संपलीय," ती म्हणाली.

"सरी." बाईने तिच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. "नाव लिहून ठेवलंत ना? मग झालं. परत येईन."

ती गेली. फुलवाल्यापाशी थांबली, गजऱ्याचा भाव विचारल्यासारखं काहीतरी विचारलं, आणि मेट्रोच्या बाजूला वळली.

"हे काय?" दयानंदांनी वहीत डोकावून विचारलं. "रम्या, हे तुझंच नाव. तू का लिहिलंस?"

रम्याने वही उचलली आणि आत जाऊन भीमाचार्यांच्या पुढ्यात उघडी ठेवली. शेजारी तिने तिचा तो वेगळा कागद ठेवला, एकशे सात नावांचा. त्यात शुक्रवारच्या नावांची आता भर पडली होती.

"सर, ह्यात बिनठिपक्याचा एकही माणूस आजारी नव्हता," ती म्हणाली. तिने सह्यांच्या रकान्यावर बोट ठेवलं. "सह्या सगळ्या माझ्या आहेत. आणि ही शेवटून दुसरी बाई, सोयराबाई जगदाळे, ही कधी जन्मलीच नाही. तिला मी बुधवारी तयार केलं. ती कुठल्या लॅपटॉपवरून इथे आली, ते मी सांगते. तो लॅपटॉप माझ्या घरात आहे."

भीमाचार्यांनी चष्मा काढला.  मागे बादलीत एकेक थेंब पडत होता.

"घरात अजून कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"आई," रम्या म्हणाली. मग म्हणाली, "आणि माझा भाऊ."

पर्समधला जुना फोन वाजायला लागला.

तिने तो बाहेर काढला. नंबर शनिवारचाच होता. दयानंद एक पाऊल मागे सरकले. तिने फोन वहीवर, स्वतःच्या नावाशेजारी ठेवला आणि हात काढून घेतला. तिघेही त्याच्याकडे बघत राहिले. तो वाजून थांबला, आणि श्वास घ्यायलाही वेळ न देता पुन्हा वाजू लागला.